मोरी बोलायला लागली की निघायचं

«ताई, आम्ही कळवा पूर्वेला राहतो, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, बैठ्या चाळीत. घराच्या मागच्या भिंतीला लागून नाला आहे. सासरे ७६ वर्षांचे. २००५ला पाणी उंबऱ्यावर एक वीत आलं होतं, त्याच्यावर कधी येत नाही, असं ते ठासून सांगतात. घर सोडायचं नाव काढलं की चिडतात. नणंद खारेगावात तिसऱ्या मजल्यावर राहते, पण 'लेकीकडे मुक्कामाला जायचं नाही' हे त्यांचं ठरलेलं. नवरा स्कूटरवर रबाळ्याला एमआयडीसीत जातो. विटाव्याला रेल्वे पुलाखाली पाणी भरलं तरी 'कडेकडेने निघतो' म्हणतो. मुलगा सतरा वर्षांचा, त्याला मित्रांबरोबर बदलापूरजवळ कोंडेश्वरच्या धबधब्याला जायचंय. रात्री पाऊस वाढला की मी उठून बसते, बाकी सगळे घोरत असतात. मी उगाच घाबरते का? काय करू?
नाल्याकाठची सून, कळवा»

सूनबाई, उगाच घाबरत नाही तुम्ही. नाल्याला भिंत लावून घर असलेल्या बाईने पावसाच्या आवाजाने जागं व्हायलाच हवं. मात्र जागं होऊन पुढे काय, हे तुमच्या घरात कुणी ठरवलेलं नाही. म्हणून तुम्ही एकट्या अंथरुणावर बसून राहता. निघायचं की थांबायचं हा वाद रात्री दोन वाजता, दिवे गेलेले असताना, चिडक्या सासऱ्यांशी घालायचा नसतो. तो कोरड्या दिवशी, चहा पिताना संपवून टाकायचा आणि त्याची खूण भिंतीवर मारून ठेवायची. बाकी पुढे जे लिहितेय ते बहुतेक याच खुणेबद्दल आहे.

आधी माझी फजिती सांगते. २००५च्या जुलैत मी नौपाड्यात तळमजल्यावर भाड्याने राहत होते. गल्लीत पाणी चढायला लागलं तशी आम्ही दाराला आडवी फळी लावली, फळीला गोणपाट लावलं, गोणपाटाला कुंड्यांतली माती पिशव्यांत भरून टेकवली. मी, आमचे हे आणि शेजारचे काका, तिघंही दाराकडे तोंड करून उभे, जणू शत्रू तिथूनच येणार. मागे मोरीत गुळगुळ असा आवाज आला. मला वाटलं, नळ चालू राहिला. जाऊन बघते तर जाळीच्या भोकांतून झुरळं वर येत होती, एकामागून एक, घाईघाईने. त्यांच्या मागोमाग काळं पाणी. दारातला आमचा बंधारा शेवटपर्यंत शाबूत राहिला. उलट घरात भरलेलं पाणी त्याने बाहेर जाऊ दिलं नाही.

हे असं का होतं, ते साधं आहे. तुमची मोरी, संडास आणि गटार यांचे पाइप शेवटी त्या नाल्यालाच मिळतात. नाल्यातलं पाणी तुमच्या फरशीच्या वर गेलं की ते पाइपातून उलटं येतं, आणि दारातून आत शिरण्याच्या बरंच आधी येतं. त्यामुळे मोरी गुळगुळायला लागली, संडासाच्या भांड्यातलं पाणी आपोआप वरखाली व्हायला लागलं, की नाला तुमच्या फरशीला टेकला असं समजा. पावसाळ्यात जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल्या चिंध्या गच्च भरून एक बोळा मोरीशेजारी ठेवा आणि त्याच्यावर ठेवायला पाटा किंवा वरवंटा. संडासाच्या भांड्यासाठी वाळूची छोटी गोण. त्याने पाणी थांबत नाही, सामान वर चढवायला थोडा वेळ मिळतो.

पण मोरी बोलायला लागेपर्यंत निवांत बसायचं, असंही नाही. ती शेवटची खूण. तुमच्याकडे दोन म्हातारी माणसं असतील (सासूबाईंचं पत्रात काही लिहिलं नाहीत, म्हणून 'असतील' म्हणते), तर त्याच्या आधीची एक खूण लागेल. ती अशी काढा. ओळखीच्या गवंड्याला बोलवा. त्याच्याकडे पारदर्शक नळी असते, तीत पाणी भरून दोन टोकांची पातळी एक करतात ना, ती. तिचं एक टोक तुमच्या घरातल्या फरशीला धरायचं, दुसरं खिडकीतून नाल्याच्या पलीकडच्या भिंतीवर. तुमची फरशी त्या भिंतीवर नेमकी किती उंचीला येते ते कळेल. तिथे लाल ऑइलपेंटचा पट्टा मारा. त्याच्या दोन फूट खाली पिवळा. रात्री खिडकीतून टॉर्च मारला की दिसला पाहिजे, नाल्याच्या काठावर जाऊन बघायची वेळ येता कामा नये. पिवळा बुडाला की घर सोडायचं. वाद नाही, 'अजून दहा मिनिटं बघू' नाही. पिवळा बुडाला, निघालो.

आता सासऱ्यांच्या त्या विताबद्दल. त्यांची आठवण खोटी नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. इतका पाऊस झाला तेव्हा पाणी वीतभर आलं, तर एरवी कशाला घाबरायचं, असा त्यांचा हिशेब. हिशेब पाऊस सांताक्रूझचा धरतो आणि पाणी कळव्याचं. शिवाय वीस वर्षांत तुमच्या डोक्यावरचा डोंगर तोच राहिलाय का? त्यांनाच विचारा, वर तेव्हा किती घरं होती आणि आता किती. मातीवर पडलेला पाऊस थोडा तरी मुरतो. सिमेंट आणि पत्र्यावर पडलेला सगळा नाल्याकडे पळतो, तोही काही मिनिटांत. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एका चौरस किलोमीटर उतारावर १०० मिलिमीटर पडला तर दहा कोटी लिटर झालं. हे तुमच्या मागच्या नाल्यातून एका दिवसात गेलं तर गेलं. दोन तासांत जायचं म्हटलं तर ते जाणार नाही, वर येणार. म्हणूनच नुसता 'अतिमुसळधार' शब्द ऐकून पुरत नाही. हवामान खातं २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पावसाला अतिमुसळधार म्हणतं. तो दिवसभर रिपरिपला की दोन तासांत कोसळला, हे त्या आकड्यात नसतं. त्यासाठी पुढच्या तीन तासांचा इशारा येतो, तो बघत जा.

आणि नाला. दर वर्षी मेअखेर नालेसफाईचे टक्के छापून येतात. तुमच्या खिडकीतून दिसणारी ती भिजलेली गादी त्या टक्क्यांत धरली होती का, हे तुम्हालाच ठाऊक. तारखेसह फोटो काढून प्रभाग समितीत लेखी द्या आणि पोच घ्या. दहा घरांच्या सह्या असतील तर उत्तम.

दुसरी गोष्ट भरतीची, आणि इथे मला तुमचे सासरे लागणार आहेत. नाला शेवटी खाडीला मिळतो. खाडीला भरती असली की नाल्याचं तोंड बंद झाल्यासारखं होतं. पाऊस थांबला तरी पाणी उतरत नाही, ओहोटी लागली की सरसर उतरतं. भरतीचं वेळापत्रक फोनवर मिळतं, पण तुमच्या सासऱ्यांच्या वयाच्या माणसाच्या हाताशी त्याहून जुनी वस्तू असते, पंचांग किंवा तिथी छापलेली दिनदर्शिका. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या आसपास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या आसपास. थोडं मागंपुढं होतं, खाडीत आतपर्यंत पाणी चढायला आणखी वेळ लागतो, पण ढोबळ अंदाज पक्का. पौर्णिमा-अमावस्या आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे. त्या दिवसांत, भरतीच्या दोन तास आधी मोठा पाऊस लागला, तर त्या रात्री झोपायचं कपड्यांनिशी.

हे काम त्यांना द्या. 'बाबा, तुम्हाला तिथी कळते, आम्हाला नाही. रोज सकाळी भरतीची वेळ काढून दाराच्या मागे खडूने लिहून ठेवाल का?' असं विचारा. आयुष्यभर ज्याने घर सांभाळलं, त्याला 'उठा, निघा' म्हटलं की तो हटूनच बसणार. त्यानेच वेळ लिहिली असेल तर तो घड्याळ बघत बसतो. मी हे खात्रीने सांगते, कारण माझे वडील असेच होते आणि आम्ही त्यांच्याशी चार पावसाळे भांडण्यात घालवले.

लेकीकडे मुक्काम नको, याच्याशी तुम्ही वाद घालूच नका, तुमचा तो वाद नव्हेच. फोन जावयाने करायचा. 'बाबा, उधाणाचे तीन दिवस इकडे या, पोरांना अभ्यासाला बसवायला माणूस हवाय,' असं जावई म्हणाला तर मान राहतो. नणंदेला आजच सांगून ठेवा, आणि कारणही तिलाच शोधू दे. आपापल्या वडिलांना काय पटतं ते लेकींना बरोबर कळतं.

पण एक लक्षात ठेवा. खारेगावला जायचं ते पाणी गल्लीत यायच्या आधी. पिवळा पट्टा बुडेपर्यंत गल्ली भरली असेल तर नणंदेचं घर विसरा आणि जवळचा वरचा मजला गाठा. तुमच्या रांगेत कुणी ना कुणी वर खोली चढवलेली असेलच. त्यांच्याशी आत्ता बोलून ठेवा, एक डबा लाडू पोचवा. गुडघाभर वाहत्या पाण्यातून म्हाताऱ्या माणसाला पाच मिनिटं चालवण्यापेक्षा दहा पायऱ्या चढवणं बरं. वीतभर खोल पण जोरात वाहणारं पाणीसुद्धा धडधाकट माणसाचे पाय उचलतं. खाली उघडं गटार आहे की रस्ता, हे दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ला मुंबईत एक नामवंत डॉक्टर गाडी सोडून पाण्यातून घराकडे चालत निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्ये गेले. चालावंच लागलं तर हातात काठी, पुढे टेकवून मग पाऊल, आणि विजेच्या खांबापासून, पथदिव्याच्या पेटीपासून लांब.

सुरक्षित म्हणून डोंगराकडे मात्र सरकू नका. २०२१च्या जुलैत कळव्यातच घोलाईनगरला दरड कोसळून पाच जण गेले. तुमचं घर पायथ्याशी आहे म्हणता, तर मागचा उतारही डोळ्याखाली ठेवा. झाड किंवा खांब कलला, भिंतीला नवी चीर पडली, दार अचानक अडकायला लागलं, उतारावरून येणारं पाणी एकदम गढूळ झालं, यांतलं एक जरी दिसलं तरी पट्ट्याची वाट बघायची नाही.

निघताना काय करायचं ते थोडक्यात. मेन स्विच बंद, पण हात आणि पायाखालची फरशी कोरडी असेपर्यंतच. मीटरपर्यंत पाणी आलं असेल तर हात लावू नका, वीज कंपनीला, तुमच्या कळव्यात टोरंट पॉवरला, कळवायचं. गॅसचा रेग्युलेटर बंद करून काढून ठेवायचा, सिलेंडर पाण्यात तरंगतो. कागदांची पिशवी (आधार, रेशनकार्ड, पासबुक, घराचे कागद) आणि आठ दिवसांची औषधं जूनपासून खुंटीला टांगलेली असली पाहिजेत. आम्ही त्या रात्री चौघांनी मिळून फ्रिज पलंगावर चढवला आणि माझी डिग्रीची प्रमाणपत्रं खालच्या खणात राहिली. फ्रिज तरीही बिघडला. अडकलात तर ११२, अग्निशमनसाठी १०१, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. हे आकडे भिंतीवर लिहा, मुलाच्या फोनमध्ये असून उपयोग नाही.

नवरोबांकडे येऊ. 'कडेकडेने निघतो' हे वाक्य मी इतक्या बायकांकडून ऐकलंय की त्याचं मला आता हसूही येत नाही. पुलाखालचा रस्ता मधोमध खोल असतो की कडेला, हे त्यांना कोरड्या दिवशी उतरून बघू द्या. कडेला गटार असतं. फूटभर वाहतं पाणी छोटी चारचाकी तरंगवतं, तिथे स्कूटरची काय कथा. सायलेन्सर बुडाला, गाडी बंद पडली, की माणूस काय करतो? पुन्हा पुन्हा बटण दाबतो. त्याने इंजिनात पाणी ओढलं जातं आणि दुरुस्ती हजारांत जाते, विमा असला तरी बरेचदा त्यात ती बसत नाही. जिवाची भीती दाखवून पुरुष ऐकत नाहीत असा माझा अनुभव आहे. गॅरेजचं बिल दाखवा. पाऊस मोठा असेल त्या दिवशी स्कूटर घरी, कळव्याहून एक स्टेशन मागे ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बरने रबाळे. लोकल बंद असेल तर त्या दिवशी रबाळं बंद. साहेबांना फोन करायचा.

मुलाचं सगळ्यात अवघड, कारण सतराव्या वर्षी 'नको' म्हटलेली जागा दुप्पट सुंदर दिसते. कोंडेश्वर सुंदर आहेच. पण पावसाळ्यात तिथे दर वर्षी बुडण्याच्या बातम्या येतात आणि त्यात बहुतेक तरुण पोरं असतात, चांगली पोहणारी. धबधब्याखालच्या डोहात पोहणं येऊन भागत नाही. पाणी वरून आदळून खाली फिरत राहतं, माणसाला तळाशी धरून ठेवतं, आणि फेस असलेल्या पाण्यात शरीर नेहमीसारखं तरंगतही नाही. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एक कुटुंब प्रवाहाच्या मध्ये उभं राहिलं होतं. एकमेकांना घट्ट धरून उभे होते, काठावर माणसं होती, आणि कुणाला काही करता आलं नाही. पाच जण गेले. तो व्हिडिओ त्याने बघितलाच असेल. त्याला एवढंच विचारा की पाणी वाढायला किती वेळ लागला.

बंदी आहे म्हणून सांगू नका, बंदीचा बोर्ड म्हणजे त्या वयात फोटोची जागा. बंदीचं कारण सांगा. आपल्याकडे ऊन पडलेलं असतं तेव्हा वर डोंगरावर ढग फुटलेला असतो, आणि ते पाणी खाली पोचेपर्यंत खालच्याला पत्ता नसतो. ओढ्याचं पाणी अचानक मातकट झालं, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज जाड झाला, तर मोबाइल-चपला जिथे असतील तिथे सोडून काठावर उंच चढायचं. ओढ्याच्या कडेने खाली पळायचं नाही, पाणी जास्त वेगाने पळतं. आणि मित्र पडला तर मागे उडी नाही. ओढणी, दोरी, लांब फांदी, झाकण घट्ट लावलेला रिकामा पाण्याचा कॅन, जे असेल ते फेकायचं. वर काढल्यावर पोट दाबून पाणी काढण्याचा आपल्याकडे फार उत्साह असतो, तो करू नये. श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास आणि छाती दाबणं, आणि कुणीतरी १०८ लावायचा. हे प्रशिक्षण शिबिरात दोन तासांत शिकवतात. त्याला आणि त्याच्या टोळीला तिथे पाठवा. शिकलेला मुलगा मग दुसऱ्यांना अडवतो, हे मी बघितलंय.

फिरायला जाऊ द्यायचंच असेल तर येऊरच्या पायथ्याला उपवन तलाव आहे. काठावर बसून कणीस खावं, पाण्यात उतरू नये. त्याला हे मिळमिळीत वाटेल. वाटू दे.

पाणी उतरल्यावरचं एक महत्त्वाचं. घर धुवायची घाई करू नका. आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे, भिजलेल्या सामानाचे फोटो काढा. पंचनाम्याला लोक येतात तेव्हा स्वच्छ घर बघून कुणाला काही लिहिता येत नाही. आणि त्या पाण्यातून जे कुणी चाललं असेल, विशेषतः पायाला जखम किंवा भेग असताना, त्याने ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवायचं. लेप्टोचा (उंदरांच्या मुतातून पाण्यात उतरणाऱ्या रोगाचा) ताप आधी साध्या तापासारखाच दिसतो. गोळी वेळेत घेतली तर टळतो, पण गोळी डॉक्टरांनी दिलेली घ्यायची, शेजारणीच्या उरलेल्यातली नको.

येत्या रविवारी पाऊस उघडला तर गवंड्याला बोलवा. लाल रंगाची छोटी डबी, पिवळ्याची छोटी डबी, एक ब्रश, एवढाच खर्च. पातळी काढून झाली की शिडीवर गवंडी चढू दे, पण कुठे मारायचं ते खिडकीतून सासऱ्यांना सांगू द्या. त्यांच्या २००५च्या विताची खूणही शेजारी मारून घ्या, काळ्या रंगात. पिवळ्याच्या किती वर येते ते मला लिहून कळवा.